खळवाली कोंडाबाई

परवा गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या तेराव्याला जेवायला बसलो होतो. शेजारच्या पानावर कुणीतरी म्हणालं, "कोंडामावशीसारखी दिलदार बाई पुन्हा सोलापुरात झाली नाही." चौघांनी माना हलवल्या. त्यातल्या दोघांनी तर तिला बघितलेलंसुद्धा नव्हतं. मी हातातला घास पानात ठेवला आणि उठलो. तेराव्याच्या पानावरून उठू नये, एवढं मला कळतं. पण उठलो.

मी दुसरीत शाळा सोडली. लिहायचा सराव नाही, आणि कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचा स्वभाव नाही. पण तिला मावशी म्हणणाऱ्यांनी बोलत राहायचं आणि मी ऐकत राहायचं, असं किती दिवस चालवून घ्यायचं? मी त्या बाईला मावशी कधीच म्हटलं नाही. सगळी पेठ म्हणायची, आमचा थोरला भाऊ दत्तूदादा म्हणायचा, त्याची बायको म्हणायची. मी म्हटलं नाही.

कोंडाबाई उंच होती, हाडापेरानं मोठी. नवरा कधी वारला कुणाला ठाऊक नव्हतं. मारुती नावाचा एक मुलगा होता, तेवढाच, अंगानं उंच पण प्रकृतीनं नाजूक. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे असायचे, कारण तिचा उघड धंदा खळीचा. आमची गल्ली विणकरांची. हातमागावर ताणा चढवायच्या आधी सुताला पिठाची आंबवलेली पेज पाजावी लागते, म्हणजे धागा ताठ होतो, तुटत नाही. ती पेज म्हणजे खळ. कोंडाबाईच्या परड्यात खळीच्या मोठाल्या कढया रटरटत असायच्या आणि त्या आंबट वासानं नवख्या माणसाला मळमळायचं. आम्हाला तो वास घरचा होता.

त्याच वासाखाली तिचा दुसरा धंदा होता. कढयांच्या मागं जमिनीत रांजण पुरलेले, त्यात गूळ आणि मोहाची फुलं आंबत पडलेली. आंबटात आंबट मिसळलं, कुणाचं नाक ओळखणार? आंबलेलं सगळं ती गावाबाहेर कुंभारीच्या वाटेवरच्या ओढ्यात न्यायची आणि तिथं बाभळीच्या आडोशाला भट्टी लावायची.

एकदा आबकारीचा नवा जमादार परड्यात शिरला. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बाई, वास कसला येतोय?"

कोंडाबाई हातावर वाळलेली खळ नखानं सोलत बसली होती. समोर कुणीही असो, तिची नजर आपल्या हातावर असायची. म्हणाली, "खळीचा हाय की."

"हा खळीचा वास नाही."

तिनं उठून कढईत पळी घातली, त्याच्या तळहातावर गरम गोळा ठेवला आणि म्हणाली, "चाटून बघा की सायेब. तुमच्या घरची बी असली करत न्हाय."

बाहेर ताणे पाजणारे विणकर हसायला लागले. जमादारानं हात झटकला, खळ त्याच्या खाकी तुमानीवर उडाली आणि वाळून तिथंच बसली. पेठेत फिरताना तो पांढरा डाग सगळ्यांना दिसत होता. महिन्याभरात तो जमादार तिचा माणूस झाला. कसा, ते मी सांगत नाही, ज्याला समजायचं त्याला समजेल.

मराठी ती आमच्याशी बोलायची, विणकरांशी तेलुगू, अक्कलकोटाकडच्या व्यापाऱ्यांशी कानडी आणि तांगेवाल्यांशी दखनी. शिव्या मात्र चारी भाषांतल्या एकदम द्यायची. स्वतः दारूचा थेंब कधी जिभेला लावला नाही. कापसाची वात दारूत बुडवून पेटवायची. ज्योत निळी आली की "व्हय" म्हणायची, पिवळी आली की भट्टीवरच्या माणसाच्या सात पिढ्या काढायची. लोक हे कौतुकानं सांगतात, बघा, कशी निर्व्यसनी बाई. मी म्हणतो, विष विकणारा विष चाखत नाही, यात कौतुक कसलं?

"कायदा सायबाचा, तहान आपली," हे तिचं नेहमीचं बोलणं.

त्या सालांत सोलापुरात सत्याग्रहाचं वारं होतं. पांढऱ्या टोप्यांची पोरं ठेक्याच्या दारूदुकानांपुढं आडवी पडायची, पोलिसांचा मार खायची, हटायची नाहीत. आमच्या पेठेतल्या दुकानाचा ठेकेदार रडकुंडीला आला. कोंडाबाईनं काय करावं? त्या पोरांना लिंबाचं सरबत पाठवलं. स्वतः हंडा डोक्यावर घेऊन गेली. "प्या लेकरांनो," म्हणाली, "लई पुण्याचं काम करताय. ह्यो मेला ठेकेदार गरिबाचे संसार बुडवतोय."

पोरं तिच्या पाया पडली. एकानं तिला टोपी दिली, ती तिनं दाराच्या खुंटीला अडकवली. पुढं ते दुकान बंद पडलं आणि तिच्या भट्टीवर दुसरा रांजण चढला. त्या पोरांची डोकी फुटली होती, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून सांगतो, सरबताची आठवण काढून कुणी माझ्यापुढं हसू नये.

आणखी एक. सोलापूरच्या पलीकडं थोडं गेलं की तेव्हा मोगलाई लागायची, निजामाचा मुलूख. तिकडं दारू स्वस्त. हद्दीवर नाका, नाक्यावर शिपाई. कोंडाबाई बायका पाठवायची, कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात देवीची परडी. वर तांदूळ आणि हळदकुंकू, खाली चपट्या बाटल्या. तुळजापूरहून येणाऱ्या बाईच्या परडीला कुठला शिपाई हात लावेल? उलट ते वाकून कुंकू लावून घ्यायचे. आमची आई देवीची भक्त. तिला हे कळलं त्या दिवसापासून कोंडाबाईच्या दारावरून जायचं तिनं सोडलं. बाजाराला जाताना अख्ख्या गल्लीला वळसा घालायची. "तिच्या दाराची सावली बी नको," म्हणायची.

पण सावली आमच्या घरात यायची होती.

कोंडाबाई कधी पकडली गेली नाही, त्याला कारण तिची एक रीत होती. वरून दट्ट्या आला की जमादाराला कुणीतरी आरोपी दाखवावा लागायचा. तो निरोप पाठवायचा. मग कोंडाबाईचा एक माणूस आपल्या पायानं चौकीवर जायचा आणि म्हणायचा, माल माझा. याला 'नाव देणं' म्हणायचे. तो जेलात असेपर्यंत त्याचं घर ती चालवायची. मंगळवेढ्याची शुभ्र ज्वारी, डाळ, तेल, बायकोला लुगडं. सुटायच्या दिवशी जेलच्या फाटकाबाहेर ती स्वतः आरतीचं ताट घेऊन उभी. माणसाला ओवाळायची, नवा पटका बांधायची, मग बकऱ्याचं जेवण. नवरदेवासारखं मिरवत आणायचे. चोरी न करता चोर झालेल्या माणसाला पेठ मान द्यायची, असं उलटं शास्त्र.

तिचा एक नेम होता, एका माणसाचं नाव दोनदाच. कारण तिसऱ्या खेपेला कोर्ट सराईत म्हणून लांबची सजा देतं, माणूस मोडतो. दोनदा झालं की ती त्याला मोकळं करायची. हा नेम ती सगळ्यांना ऐकवायची. यावरूनच तिला दिलदार म्हणायचे.

आमचे वडील आम्ही लहान असताना गेले. मी घरच्या मागावर, पाय खाली खड्ड्यात सोडून, बसायचो. दादा मिलमध्ये होता. संप झाला, संप मोडला आणि ज्यांना कमी केलं त्यांत दादा होता. धिप्पाड, भोळा माणूस. कुणी पाठीवर हात ठेवला की त्याचा होऊन जायचा. कोंडाबाईनं हात ठेवला. दादानं पहिल्यांदा नाव दिलं तेव्हा आईनं आलेली ज्वारी दारातच ठेवली, आत येऊ दिली नाही. चिमण्यांनी टिपली. दोन दिवसांनी वहिनीनं पोती आत ओढली. तिची पोरं भुकेली होती, तिला काय म्हणणार. आई त्या ज्वारीची भाकरी खायची नाही. मीही खाल्ली नाही. मागावर मिळेल त्यात आमचं दोघांचं भागवलं.

दादा सुटला तो हसत आला. नवा पटका, कपाळाला कुंकू. म्हणाला, "आये, लगीन झाल्यापास्नं मला कुणी ओवाळलं न्हवतं." आई तोंड फिरवून बसली. वर्षाच्या आत तो दुसऱ्यांदा गेला. त्या खेपेला आल्यावर हसला नाही, पाठीला हात लावून बसायचा. पण कोंडाबाई म्हणाली, "दत्तू सुटला. माझ्याकडनं मोकळा." आणि नशीबही फिरलं. मिलनं माणसं परत घ्यायला सुरुवात केली. दादाला सोमवारपासून बोलावणं आलं. वहिनीला दिवस गेले होते. तिनं दादाचा सदरा धुऊन, घडी करून ठेवला.

त्याच आठवड्यात ओढ्यातल्या भट्टीवर धाड पडली. ही जमादाराची धाड नव्हती, वरचे साहेब आले होते. भट्टीवर होता मारुती. तो पळाला. साहेबांना पाठ दिसली, तोंड दिसलं नाही. त्यांनी जमादाराला बजावलं, उद्यापर्यंत ती पाठ माझ्यापुढं उभी कर.

कोंडाबाई आमच्या घरी आली ती पहिली आणि शेवटची. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर बसली. आई सुपात धान्य पाखडत होती. हात थांबवला नाही.

"अक्का, दत्तूला न्ह्यायला आले."

"त्येला सोमवारपास्नं मिल हाय."

"ठावं हाय मला. मिलात माणसं घेणाऱ्या जॉबरला सांगितलंय मी. जागा राखून ठेवील त्यो."

"तुजा नेम हाय न्हवं, दोनदा झालं की तिसऱ्यांदा न्हाय म्हणून?"

"नेम माजाच हाय, अक्का."

"मग?"

"मग काय? पोरगं हाय माजं. त्यो तितं टिकायचा न्हाय."

मी मागाच्या खड्ड्यातून बोललो, "आणि ह्यो कुणाचा पोरगा हाय?"

तेव्हा तिनं हातावरची नजर उचलली. "बारक्या, तू मधी पडू नको. दत्तू मोटा हाय, त्येला तोंड हाय."

"दुसरी माणसं हायत की तुजी. त्येंच्यातला धाड."

"त्यांची उंची मारुतीएवडी न्हाय. सायबानं पाठ बघितलीय."

खरोखर असं म्हणाली. कापड मोजावं तशी.

आईनं सूप खाली ठेवलं. "कोंडे, माजी सून भरल्या दिसांची हाय. मी तुज्यापुढं पदर पसरीन, पर तू माज्या घरातनं आता काय नेऊ नगंस."

कोंडाबाईची नजर पुन्हा हातावर गेली. मग हळूच म्हणाली, "तुज्या नातवंडांनी माजी जवारी खाल्लीय, अक्का. तुमी न्हाय खाल्ली, ठावं हाय मला. पर दत्तूच्या घरानं खाल्लीय. तेवडं दत्तूला इचारा."

दादा आतून आला. सोमवारचा सदरा अंगात घालून बघत होता, तो काढून खुंटीला लावला आणि जुना चढवला. आईकडं बघितलं नाही. "चला मावशी," एवढंच म्हणाला.

कोर्टात नवा मॅजिस्ट्रेट होता, तरुण, बाहेरून आलेला. त्याला इथल्या रीती ठाऊक नव्हत्या. दादा पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "माल माजा हाय सायेब." इतर वेळी इथं काम संपायचं. पण ह्या साहेबानं लेखणी खाली ठेवली.

"तू दारू गाळतोस?"

"व्हय."

"कशी गाळतोस ते सांग बघू."

 दादानं बापजन्मात भट्टी पेटवली नव्हती. कोंडाबाई माणसांना नाव द्यायला शिकवायची, काम कधी दाखवायची नाही, उद्या कुणी फुटला तर म्हणून. दादानं घाम पुसला आणि त्याला जे आंबवणं येत होतं ते सांगायला लागला.

"पैलं जवारीचं पीठ भिजत घालायचं. आंबट वास सुटला की चुलीवर चढवायचं. गुठळी हू द्यायची न्हाय, सारकं हलवत ऱ्हायचं."

"पुढं?"

"मग वाईच गोडं तेल सोडायचं."

"दारूत तेल कशाला?"

"तेल न्हाय घातलं तर धागा तुटतो की सायेब."

कारकून हसला. मागं बसलेले विणकर हसले. पट्टेवाला ओरडला, तरी हसू थांबेना. साहेबाला कुणीतरी कानात सांगितलं की ही खळ आहे, तेव्हा तोही हसला. आईला लांबचं ऐकू कमी यायचं. तिनं मला विचारलं, "काय झालं? सोडला का?"

मी म्हणालो, "सुटला आये."

साहेब जमादाराकडं वळला. "ह्या माणसानं दारू गाळलेली दिसत नाही. ओढ्यात पळणाऱ्याचा चेहरा कुणी बघितला?"

जमादारानं मान खाली घातली.  आणि कोंडाबाई उठली. मारुती तिच्या शेजारीच बसला होता.

"मी बघितलाय सायेब. मी सरपणाला गेलते ओढ्याकडं. ह्योच व्हता."

तिला पुढं घेतलं. देवाची शपथ दिली. तिनं घेतली, अडखळली नाही. म्हणाली, "माज्याकडं खळीला येतोय त्यो, म्हणून खळ सांगतोय. येड्याचं सोंग घेतोय. लई पोचलेला हाय. दोनदा जाऊन आलाय जेलात, तुमच्या कागदात बघा की."

साहेबानं कागद बघितले. दोनदा जाऊन आल्याचं होतंच. त्याचं तोंड बदललं. ज्याला आता भोळा समजला होता, त्यानंच आपल्याला फसवायला बघितलं, असं त्याला वाटलं असणार. त्यानं दादाला विचारलं, "ही बाई खरं बोलते?"

दादा तिच्याकडं बघत राहिला. तिनंही नजर काढली नाही. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, मी बघितलं. वाटलं, आता बोलतो. मग तो साहेबाला म्हणाला, "मावशी खोटं कशाला बोलंल?"

सजा लांबची झाली. दूर पुण्याकडच्या मोठ्या जेलात नेलं. वहिनीला मुलगी झाली, ती दादानं बघितली तेव्हा ती अंगणात पळत होती. मिलमध्ये जागा कुणी राखली नव्हती. जॉबर म्हणाला, सराईत माणूस आम्ही घेत नाही. त्या खेपेला फाटकाबाहेर ओवाळायला कुणी नव्हतं, मी होतो. दादा मरेपर्यंत दुसऱ्यांच्या ताण्याला खळ लावत राहिला आणि तिच्याविषयी एक वाईट शब्द बोलला नाही. तेवढ्यावरून लोक म्हणतात, बघा, ज्याचं गेलं तो काही म्हणत नाही आणि हा म्हातारा अजून जळतोय. होय, जळतोय. त्याच्या वाटणीचंही मीच जळतोय.

पुढं ती मारुतीला घेऊन सांगोल्याकडं सोयऱ्यांत राहायला गेली आणि तिकडंच मेली. मी तिला शेवटची बघितली ती त्या दिवशी, कोर्टाच्या आवारात.

ऐन दुपार होती. आई पायरीवर बसून राहिली होती, उठायला तयार नव्हती. कोंडाबाई मारुतीला तांग्यात बसवत होती. मी गेलो आणि घोड्याचा लगाम धरला. काय करायचं ठरवून गेलो नव्हतो, फक्त तांगा जाऊ द्यायचा नव्हता.

तांगेवाला म्हणाला, "छोड दे मियाँ, जनावर बिचकताय."

मी सोडला नाही.

कोंडाबाई म्हणाली, "बारक्या, लगाम सोड. पोराला ऊन बाधतं."

"बाधू दे."

मला वाटलं, शिव्या देईल. चारी भाषांतल्या ऐकायची माझी तयारी होती. पण ती खाली उतरली. मारुतीला हाताला धरून उतरवलं. तो उन्हानं डोळे मिटून घेत होता. तिनं डोक्यावरचा पदर काढला, सगळा सोडवून घेतला आणि त्याच्या डोक्यावर घातला. दाढीमिशीचा बाप्या, आईच्या पदराखाली वासरासारखा वाकला. आणि ती दोघं चालायला लागली.

त्या काळी आमच्यात बाईचं डोकं परक्या पुरुषाला दिसत नसे, म्हातारीचंसुद्धा. ती भर पेठेतून, उघड्या डोक्यानं, त्याच्या पावलानं पाऊल टाकत गेली. कापडदुकानांतल्या माणसांनी माना फिरवल्या. एकजण तर आत निघून गेला. तिनं कुणाकडं बघितलं नाही. तिचे केस सगळे पांढरे झालेले होते आणि मागून ती फार म्हातारी दिसत होती.

वळणावर ती दिसेनाशी झाली, तरी मी रिकाम्या तांग्याचा लगाम धरून उभाच होतो.